मदत हवी आहे: काफ्काला अतिवास्तववादी म्हणावे का?

जर्मन भाषेत लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटामॉर्फसिस’ या कथेतील परात्मतेवर (माणूस स्वतःपासून आणि इतरांपासून तुटण्यावर) एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे. या कथेला अस्तित्ववादी (माणसाचे एकाकी अस्तित्व व निवडीचे ओझे केंद्रस्थानी मानणारी) आणि अतिवास्तववादी (स्वप्न व अबोध मनाला महत्त्व देणारी) ही दोन्ही विशेषणे सर्रास एकत्र लावली जातात. कालक्रम मात्र त्यांना अनुकूल नाही. कथा 1915 साली प्रसिद्ध झाली, काफ्का जून 1924 मध्ये वारला, अतिवास्तववादी चळवळीचा प्रणेता, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ याचा अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आला आणि अस्तित्ववादी लेखक सार्त्रची ‘नॉशिया’ ही कादंबरी तर 1938 सालची.

कालक्रम बाजूला ठेवून तंत्राकडे पाहिले, तरी प्रश्न सुटत नाही. ब्रेताँला बुद्धीचे नियंत्रण झुगारणारे स्वयंचलित लेखन अपेक्षित होते. काफ्काचे निवेदन मात्र कचेरीतल्या अहवालाइतके काटेकोर आहे. कथेचा नायक, फिरता विक्रेता ग्रेगोर साम्सा कीटक झाल्यावरही त्याला चिंता पडते ती चुकलेल्या गाडीची आणि वरिष्ठांच्या रोषाची. मला तरी यात स्वप्नापेक्षा नोकरदाराचे वास्तवच अधिक दिसते.

ब्रेताँचे दोन्ही जाहीरनामे, फ्रेंच लेखक कामूचे ‘द मिथ ऑफ सिसिफस’ हे वैचारिक पुस्तक आणि त्यातील काफ्कावरील परिशिष्ट इंग्रजीतून वाचले आहे. जर्मन व फ्रेंच येत नसल्याने मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतील संदर्भच उपयोगी पडतील. काफ्काच्या चरित्राविषयीची माहिती नको आहे. ब्रेताँने 1940 च्या आपल्या काळ्या विनोदाच्या संकलनात काफ्काला स्थान दिले, हे ठाऊक आहे. पण अतिवास्तववाद्यांनी त्याला नेमक्या कोणत्या वाङ्मयीन निकषावर आपला मानले, आणि तो निकष ‘मेटामॉर्फसिस’च्या निवेदनाला खरोखर लागू पडतो का?