वेगापेक्षा गोष्ट टिकते

रोलर कोस्टरची थीम, म्हणजे तिच्याभोवती रचलेली गोष्ट, ही नुसती रंगरंगोटी, खरी मजा वेगात, असं काहीजण म्हणतात ते अजिबात पटत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतली ‘किंगडा का’ ही कोस्टर 2005 साली सुरू झाली. उंची 139 मीटर, वेग ताशी 206 किलोमीटर. ती 2024 मध्ये बंद पडली आणि पुढच्या वर्षी पाडूनही टाकली. फ्लोरिडात डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममधली एक्स्पिडिशन एव्हरेस्ट 2006 ची. वेग जेमतेम ताशी 80, तरी तिथली गर्दी हटत नाही.

कारण गोष्ट रांगेतच सुरू होते. चहाच्या कंपनीची जुनी रेल्वे, पताका, यतीचं (हिमालयातल्या दंतकथेतला हिममानव) छोटं संग्रहालय, सगळं निवांत बघत आपण पुढे सरकतो. मग गाडी डोंगर चढते आणि थांबते. समोरचे रूळ उखडून पिळवटलेले! सगळ्यांचे डोळे त्या तुटक्या रुळांवर खिळलेले असताना मागे रुळांचा एक तुकडा चक्क उलटा फिरतो आणि गाडी वेगळ्याच वाटेने अंधारात मागे घसरू लागते. दिसत काही नाही, त्यामुळे अंग सावरायला वेळच मिळत नाही. पोटात जो गोळा येतो तो इथे, पुढच्या मोठ्या उताराला नव्हे (निदान माझ्या तरी).

यतीचा प्रचंड यांत्रिक पुतळा उद्घाटनानंतर काही काळातच हलायचा थांबला, तेव्हापासून लखलखत्या दिव्यांनी हालचालीचा भास करतात. तो दुरुस्त व्हायला हवाच. पण तो स्थिर असूनही लोक किंचाळतात, कारण तोवर त्यांनी भिंतीवर त्याची सावली पाहिलेली असते.