मानेचा मणका सरकलाय? तुमचे अनुभव लिहा

कवडसा
काल माळा आवरताना मानेचा जुना पट्टा सापडला. वेलक्रोत केस अडकलेले, हनुवटीच्या जागी पिवळा डाग. बघितला आणि आठ वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. उजव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या आणि मी शहाणी महिनाभर अंगठ्यालाच मलम चोळत होते! एक्स-रेत पाचवा मणका सहाव्यावर 2-3 मिलिमीटर पुढे आलेला निघाला. मला वाटलं, सरकलाय तर कुणीतरी ड्रॉवरसारखा ढकलून परत बसवेल. तसं काही नसतं म्हणे. मग मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक असे आणखी एक्स-रे काढले. हालचालीत तो आणखी सरकत नव्हता, म्हणून व्यायामावर भागलं. तुमचंही लिहा.

निवांत
पट्टा किती दिवस घातलात? मला सोडवत नाहीये, चौथा महिना.

कवडसा
बापरे! मला दोनच आठवडे सांगितला होता. फार दिवस घातला की मानेचे स्नायू आळशी होतात. एकदम फेकू नका, पण डॉक्टरांना विचारा तरी. माझा व्यायाम म्हणजे कपाळावर तळवा ठेवून डोकं पुढे रेटायचं, तळव्याने अडवायचं, मान हलू द्यायची नाही. मग दोन्ही बाजू, मग मागून. दिसायला अगदीच येडचाप.

अर्धवटराव
आडवा पडून टाइप करतोय, चुका पोटात घाला. रात्री एकट्याने एमआरआयचा रिपोर्ट वाचू नका एवढंच सांगतो. माझ्यात मणक्यांमधल्या तीन गाद्या (डिस्क) फुगलेल्या लिहिल्या होत्या, मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. शेवटी दुखणं निघालं खांद्याचं! काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही असलं बरंच दिसतं म्हणे.

जुनी वही
आमच्या बाबांची मान कधी दुखलीच नाही. म्हणून तर फसलो. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग सही बदलली, बँकेने परत पाठवली. पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. आम्ही म्हणायचो, वय झालं. एकदा म्हणाले, मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, तर मी हसले. ते हसणं अजून आठवतं.

डॉक्टरांनी त्यांच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. डॉक्टर एकदम गप्प झाले. मणका सरकून मज्जारज्जूच दाबला जात होता. नस दाबली गेली तर हात दुखतो. इथे बरेचदा दुखतच नाही, हातापायांचं काम बिघडत जातं. ऑपरेशननंतर चाल सुधारली. बोटं मात्र पूर्ण नाही आली. बटणं आई लावते, रोज कुरकुरत.

हिंडफिरी
ऑपरेशन मागून ना?

जुनी वही
नाही, समोरून! गळ्यावर आडवी छोटी चीर. श्वासनलिका-अन्ननलिका बाजूला सारून खराब गादी काढतात, तिथे पिंजऱ्यासारखा ठोकळा, वरून पट्टी नि स्क्रू. दोन्ही मणके पुढे एकमेकांना जुळून येतात. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड जुळायला त्रास होतो हे ऐकल्यावर बाबांनी चाळीस वर्षांची सवय सोडली. गिळायला काही दिवस त्रास, आवाज महिनाभर बसलेला. आई म्हणते, तो महिना सुखाचा गेला :)

अर्धवटराव
काकूंना नमस्कार सांगा.

तिसरी घंटा
मला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी मानेचा एक्स-रे मागितला. मी चिडले, गुडघ्यासाठी मान कशाला! पण या आजारात पहिल्या-दुसऱ्या मणक्यातले बंध सैल पडू शकतात, आणि भूल देताना नळी घालायला मान मागे करावी लागते. माझा मणका थोडा सरकलेला निघालाच. संधिवातवाल्यांनो, ऑपरेशनआधी हे आपणहून सांगा.

खटपट्या
मी मान कटकन मोडून घ्यायचो, मस्त मोकळं वाटायचं. हे वाचून हात आपोआप मानेवर गेला.

जुनी वही
कृपा करून बंद करा. मणका सरकलेला असेल तर झटका महागात पडेल. आणि हात बधिर होणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काही दिसलं तर व्यायाम शोधत बसू नका, लगेच दाखवा.

हिंडफिरी
उशी घ्यायची की नाही ते सांगा कुणी. घरात दोन पक्ष पडलेत.

कवडसा
घ्यायची, पण मान सरळ राहील एवढीच. कुशीवर झोपत असाल तर खांद्याच्या उंचीची. पालथं नको.

हिंडफिरी
मी पालथाच झोपतो :(

निवांत
फोन केला. सोमवारची वेळ मिळाली. पट्टा घालूनच जाते, घाबरट आहे मी.

अर्धवटराव
जाताना जुने एक्स-रे न्या. मी विसरलो होतो, दोन तास नि पुन्हा रांग. आता उठतो, बेल वाजतेय.