ठरावाखाली माझी सही आहे, पण तो ठराव मी ऐकलाच नाही. आता काय करू?

चक्कीवाल्या काकू, 9 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. नागपूरची सिटी बस जिथून परत फिरते, तिथून दोनेक किलोमीटर पुढे आमचा लेआउट आहे. प्लॉट घेतला तेव्हा चारही बाजूंनी तुरीची शेतं होती, आता तीनशेच्या वर घरं झाली. आम्ही महापालिकेत येत नाही, घरपट्टी-पाणीपट्टी ग्रामपंचायतीत भरतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही, माझ्या सहीचं काय ते समजून घ्यायचं आहे.

घरीच माझी पिठाची चक्की आहे. मोटर जुनी झाली, नवीन घ्यायला बँकेचं छोटं कर्ज काढते आहे. त्यासाठी नमुना आठचा उतारा लागला म्हणून गुरुवारी ग्रामपंचायतीत गेले. ऑपरेटर पोरगा प्रिंट काढत होता, तोवर टेबलावर ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक उघडं पडलेलं दिसलं. सहज पान उलटलं, तर 26 जानेवारीची सभा. खाली सह्या, आणि 31 नंबरवर माझी.

त्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, मग सगळ्यांना म्हणाले हजेरीची सही करा. मी केली. पान कोरं होतं, वर फक्त तारीख आणि "ग्रामसभा" एवढंच लिहिलेलं. पाच-सात मिनिटं सरपंच बोलले, पाण्याचा विषय मी काढला, "बघू काकू" म्हणाले, आणि लोक उठले.

आता त्याच पानावर ठराव आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून मंदिर चौकात गट्टू (फरशीचे सिमेंट ब्लॉक) बसवणे आणि गावाच्या तोंडाशी स्वागत कमान उभारणे. सह्या निळ्या पेनाच्या, ठराव काळ्या पेनानं. वरच्या ओळींचं अक्षर मोठं आणि सुटं, खाली येता येता बारीक होत गेलेलं, आणि शेवटची ओळ पहिल्या सहीच्या डोक्यावर कशीबशी कोंबलेली. शेवटचा शब्द "सर्वानुमते".

त्या एका शब्दानं मला दोन रात्री झोप नाही. सर्वानुमते म्हणजे माझ्याही मतानं. आमच्या गल्लीत नळ दर तिसऱ्या दिवशी येतो, चाळीस मिनिटं. मी मोजलं आहे. चौदा गुंड (पाण्याचे हंडे) आणि एक ड्रम भरतो, म्हणजे चारशे लिटरच्या आसपास, त्यात पाच माणसं तीन दिवस काढतात. शेजारच्यांनी नळाला पाणी ओढणारा टुल्लू पंप लावला की तेवढंही मिळत नाही. गल्लीच्या तोंडाशी बोअरचा हातपंप आहे, त्याच्या चौथऱ्याला लागूनच सांडपाण्याचं डबकं, बाराही महिने. एप्रिल-मे मध्ये तर मी दळण घ्यायच्या आधी बायकांना विचारते, आज नळ आहे का, नाहीतर त्या डबा ठेवून पळतात नि दळण पडून राहतं.

अशा गावात कमान माझ्या मतानं झाली असं कागद म्हणतो. ठराव खोडता येतो का? निदान माझी सही तरी काढून घेता येते का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

हिंगणा रोडकर, 9 फेब्रुवारी

काकू, सहीचं जाणकार सांगतीलच. मी पैशाचं सांगतो, कारण आमच्याकडे हेच झालं होतं.

वित्त आयोगाचा निधी सरपंचाच्या मनाप्रमाणे कुठेही टाकता येत नाही. पंधराव्या आयोगात (2021 ते 2026) त्याचे दोन भाग, 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. बंधितमधला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी, सांडपाणी-घनकचरा त्यातच येतं. गट्टू बसवायचे तर ते अबंधितमधून, आणि कमान कोणत्या कामात बसवली ते त्यांनाच विचारा.

ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या कामांचं सरकारी पोर्टल मोबाइलवरही उघडतं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की वर्षाचा आराखडा दिसतो. प्रत्येक कामापुढे रक्कम असते आणि ते कोणत्या घटकात धरलं तेही असतं. आमच्या इथे एका समाजभवनासमोरचे गट्टू "सांडपाणी व्यवस्थापन" या नावानं दाखवले होते. नाली एक फूट नव्हती. प्रिंट काढून मासिक सभेत ठेवली, तेव्हा कुठे पुढच्या हप्त्यात नाली आली.

तुमचं ते पान आज रात्रीच बघा. कधी कधी नंतर बदलतात, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निवृत्त विस्तार अधिकारी, 10 फेब्रुवारी

ताई, पंचायत विभागात माझी हयात गेली. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, तीच मला आधी हवी आहे. एकूण सह्या किती होत्या, आणि गावात मतदार किती?

विचारतो याचं कारण असं. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यात जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक नसतील तर सभा तहकूब करावी लागते. तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट नसते, आणि नेमकं इथेच बरंच काही उरकलं जातं. म्हणून कागदावर सभा तहकूब दाखवली का, आणि पुन्हा कधी भरली असं लिहिलं, हे बघणं महत्त्वाचं.

दुसरं, पुस्तक टेबलावर बघितलं याला पुरावा म्हणत नाहीत. रीतसर अर्ज करून इतिवृत्ताची (त्या प्रोसिडिंगची) प्रमाणित प्रत मागा, सभेच्या नोटिशीची आणि हजेरीपटाचीही. सरळ देत नसतील तर माहितीच्या अधिकारात टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ग्रामसेवकच तिथे जन माहिती अधिकारी. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, अर्जावर तसं लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. शिक्का, तारीख, आवक नंबर, तिन्ही.

सही "काढून घ्यायची" सोय कायद्यात नाही. पण ती सही हजेरीची आहे, ठरावाला संमती म्हणून नाही, आणि ठराव तुमच्यासमोर वाचला गेला नाही, असं लेखी हरकतपत्र तुम्ही देऊ शकता. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक गटविकास अधिकाऱ्याला. पुढच्या ग्रामसभेत आधीचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा उभं राहून तीच हरकत पुन्हा नोंदवा.

ठराव झाला म्हणजे लगेच पैसे गेले, असंही समजू नका. एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, काम, मग अभियंत्याची मोजमाप पुस्तिका, आणि शेवटी सरपंच व ग्रामसेवक दोघांचे डोंगल (डिजिटल सहीचे) लागल्याशिवाय बिल निघत नाही. मधे थांबवायला जागा आहे.

माजी सदस्य, 11 फेब्रुवारी

काकू, राग मानू नका. मी दुसऱ्या एका गावात पाच वर्षं सदस्य होतो, ती बाजूही सांगतो.

लेआउटचे लोक सभेला येत नाहीत. सकाळी नागपूरला ड्युटीवर जातात, रात्री येतात. गावठाणातले पन्नास लोक येतात, ते जे मागतात तेच लिहिलं जातं. कमान मागणारे लोक खरंच असतात, देवळासमोर चिखल नको म्हणणारेही असतात. पाण्याची मोटर जळली, पथदिव्याचं बिल थकलं, वीज कापायला माणूस आला, हे सगळं त्याच तुटपुंज्या पैशातून करावं लागतं. घरपट्टीची वसुली निम्म्यावर आली की स्वनिधी, म्हणजे पंचायतीचा स्वतःचा पैसा, राहतोच कुठे? त्यातलेही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात.

कोऱ्या पानावर सही घेणं चूकच, त्याचं समर्थन नाही. पण तुमच्या तीनशे घरांतून त्या दिवशी किती जण आले होते?

चक्कीवाल्या काकू, 11 फेब्रुवारी

भाऊ, राग नाही. तुम्ही विचारलं ते बरोबर आहे. आमच्या लेआउटमधून त्या दिवशी आम्ही चौघी होतो. चौघीच. पुरुष माणूस एकही नाही. हे लिहिताना मला वाईट वाटून राहिलं.

साहेब, सह्या 58 होत्या, शेवटचा नंबर मी पाहिला होता. मतदार चौदाशेच्या आसपास. म्हणजे 15 टक्के धरले तर दोनशे दहा, म्हणून शंभरचीच अट लागेल नं? आणि अठ्ठावन्नच होते. उद्या अर्ज टाकते.

पोर्टलही पाहिलं, मुलानं उघडून दिलं. गट्टू अबंधितमध्ये आहेत. कमान त्या यादीत नाहीच. पाण्याच्या घटकात "हातपंप दुरुस्ती व चौथरा" असं एक काम आहे, त्याच्यासमोर काम पूर्ण झाल्याचं लिहिलं आहे. आमच्या लेआउटमध्ये हातपंप एकच आहे, आणि त्याचा चौथरा मी रोज बघते. सिमेंटचा नवा थेंब पडलेला नाही. गावठाणात दुसरा असेल, म्हणून सकाळी जाऊन तोही बघून आले. तोही जुनाच.

हिंगणा रोडकर, 11 फेब्रुवारी

काकू, कमान सोडा आता. चौथऱ्याचा फोटो काढा, आजच्या पेपरची तारीख दिसेल असा.

निवृत्त विस्तार अधिकारी, 12 फेब्रुवारी

ताई, यांचं ऐका. ठरावाच्या भाषेवर वर्षभर वाद घालता येतो, न झालेल्या चौथऱ्यावर येत नाही. आता माहिती अधिकारात त्या कामाचं एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि बिलाचं व्हाउचर मागा. कामाचं नाव पोर्टलवर जसं आहे तसंच, अक्षराला अक्षर लिहा. नाहीतर "अशी नोंद आढळत नाही" म्हणून उत्तर येईल.

आणि एक. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिच्यातले विषय ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. बहुतेक गावांत ती फक्त कागदावर भरते. 1 मेच्या आधी तुमच्या गावची खरोखर भरवा. चक्कीवर बायका येतातच.

चक्कीवाल्या काकू, 4 मे

मंडळी, उशीर झाला, पण सांगायलाच हवं म्हणून लिहिते.

प्रमाणित प्रत एकविसाव्या दिवशी मिळाली. साहेब, तुम्ही म्हणालात तेच निघालं. सभा "गणपूर्तीअभावी तहकूब" आणि अर्ध्या तासानं "त्याच ठिकाणी पुन्हा सुरू" असं लिहिलं आहे. त्या वेळेला मी घरी चक्कीवर होते, समोरच्या घरचे गहू दळत होते. तरी तहकूब सभेच्या ठरावाखाली सही तीच, 31 नंबरची. मी हरकतपत्र दिलं. दोन्ही ठिकाणची पोच घेतली, आवक नंबरासकट.

चौथऱ्याची कागदपत्रं तीस दिवसांत आली नाहीत. पहिलं अपील पंचायत समितीत केलं, मग आली. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी सगळं भरलेलं आहे. मुलानं टेप घेऊन हातपंपाजवळ मोजलं तर एकही माप जुळत नाही. फोटो, मापं आणि प्रती जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे.

महिला सभेचं तर मी कधी विसरणार नाही. महिनाभर जी बाई दळण घेऊन आली, तिला मी एकच सांगितलं, 30 एप्रिलला दुपारी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात ये. ऊन 44 च्या वर होतं. मला वाटलं दहा-पंधरा येतील. एकसष्ट आल्या. लेआउटच्या आल्या, गावठाणातल्या आल्या, बौद्ध वस्तीतल्या सगळ्या आल्या. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी उभं राहून सांगितलं की त्यांच्या गल्लीत दोन वर्षांपासून नळ कोरडा आहे. हे मला माहीतच नव्हतं. मी आपली माझ्या चाळीस मिनिटांचं रडत होते.

विषय तीनच घेतले. विहिरीवर दुसरी मोटर, वस्तीतली पाइपलाइन, हातपंपाजवळची नाली. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलेले आहेत, आमच्या गल्लीत हिशेब सत्तावीसच्या आसपास येतो, तोही आकडा घातला. ठराव आमच्यासमोर लिहिला. शाळेच्या बाईंनी मोठ्यानं वाचला, दोनदा. मग ठरावाखाली पट्टी ठेवून आडवी रेघ मारली, म्हणजे नंतर काही भरता येऊ नये. रेघेखाली सह्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे, शेजारी नाव.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो वाचला गेला. 26 जानेवारीचं इतिवृत्त कायम करायला घेतलं तेव्हा मी उभी राहिले आणि हरकत सांगितली. हात थरथरत होते, पण वाचली पूर्ण. लिहून घेतली त्यांनी.

कमानीचे दोन खड्डे खणून ठेवले आहेत, काम थांबलं आहे. विस्तार अधिकारी 19 तारखेला चौथरा बघायला येणार असं पत्र आलं. साहेब, त्या दिवशी मोजमाप माझ्यासमोर करा आणि पंचनाम्यावर माझंही म्हणणं लिहा, असं मला म्हणता येतं का? की आधी अर्ज लागतो?

निवृत्त विस्तार अधिकारी, 4 मे

म्हणता येतं, पण आधी अर्ज द्या, म्हणजे नाही म्हणायला जागा राहत नाही. उद्याच द्या. आणि टेप तुमचाही सोबत ठेवा.