होल्डवरच्या मालाला कुलूप कोणी लावायचं?

लान्सिंगवाला

अमेरिकेत कायदेशीर गांजाच्या दुकानांचा साठा आणि हिशेब सांभाळणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून मुद्दाम वाद उकरून काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे. माल थांबवायचा (होल्ड) किंवा परत मागवायचा (रिकॉल) झाला की कुलूप राज्याच्या ट्रॅकिंग प्रणालीतच लागलं पाहिजे, थेट पॅकेजच्या टॅगवर आणि सगळीकडे एकदम. दुकानदाराला यादी धाडून "यातलं तुमच्याकडे काय आहे ते शोधा" म्हणणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सगळेच चोर नसतात, मान्य. पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात कपाटातला निम्मा माल बाजूला काढायला कोणाचा हात उचलतो?

हे हवेतलं बोलणं नाही. १७ नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनच्या नियामकांनी गांजा तपासणाऱ्या व्हिरिडिस कंपनीच्या लान्सिंग आणि बे सिटी इथल्या दोन लॅबमध्ये १० ऑगस्ट ते १६ नोव्हेंबरदरम्यान तपासलेला जवळजवळ सगळा माल परत मागवला. व्हेप काट्रिज, डिस्टिलेट असे ओढून घ्यायचे अर्क तेवढे वगळले. कारण दिलं की निकाल भरवशाचे नाहीत. लॅबने ते मानलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. मालाची किंमत सुमारे २२.९ कोटी डॉलर सांगितली गेली. ग्राहकांनी डबीवरच्या लेबलात लॅबचा परवाना क्रमांक शोधायचा होता!

राज्यात मेट्रक ही ट्रॅकिंग प्रणाली चालते. प्रत्येक पॅकेजला टॅग, टॅगला चोवीस अंकाक्षरांचा क्रमांक, आणि कुठल्या लॅबने कधी तपासलं तेही त्यालाच चिकटलेलं. एक चाळणी लावायची आणि सगळं होल्डवर. मग माणसावर का सोपवायचं?

कोथरूडचा_कोडर

चाळणी लावणं सोपं आहे हो, पुढचं कोण निस्तरणार? मी दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरला मेट्रक जोडून देण्याचं काम करतो, पुण्यात बसून. राज्याने होल्ड लावला की पॅकेज चालू मालाच्या यादीतून निघून होल्डच्या वेगळ्या यादीत जातं. दोन्ही याद्या मागायचे मार्ग वेगळे. ज्याने जोडणी घाईत केली तो फक्त चालू यादी मागतो. पॅकेज तिथून गायब झालं की त्याच्या प्रोग्रामला कळत नाही की माल विकला गेला, संपला की थांबवला. काही ठिकाणी जुना आकडा तसाच राहतो. ऑनलाइन मेन्यूवर माल दिसतोय, ऑर्डर येतेय, काउंटरवरचा पोरगा डबी काढतोय, आणि पावती राज्याकडे पोचली की ती नाकारली जाते. तोवर गिऱ्हाईक घरी.

तुमचं कुलूप नोंदीला लागतं, डबीला नाही. डबी उचलून मागच्या खोलीत वेगळ्या रॅकवर ठेवायला आणि लाल पट्टी लावायला माणूसच लागतो. त्यामुळे जबाबदारी दुकानावरच असली पाहिजे. राज्याने लॉक लावलंय म्हटलं की दुकानदार हात झटकून मोकळा होतो.

लान्सिंगवाला

@कोथरूडचा_कोडर, तुमच्या धंद्यातल्या लोकांनी होल्डची यादी मागितली नाही, म्हणून होल्डच नको? हा कुठला न्याय?

कोथरूडचा_कोडर

नको कुठे म्हणालो? तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका म्हणतोय.

ग्रँड_रॅपिड्सकर

मी एका दुकानात भागीदार आहे, त्यामुळे जरा कडू बोलणार.

लान्सिंगवाले, तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. ३ डिसेंबरला कोर्टाने बे सिटीच्या लॅबपुरता तो रिकॉल उठवला, लान्सिंगचा तसाच ठेवला. म्हणजे ज्या मालाबद्दल आम्हाला सोळा दिवस "हात लावू नका" होतं, त्यातला मोठा हिस्सा पुन्हा विकता येण्यासारखा झाला. मधल्या काळात ग्रीन वेन्सडे येऊन गेला. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसाची ती विक्री आमच्यासाठी धनत्रयोदशीच्या सोनाराइतकी असते. त्याची भरपाई कोण देणार? विमा कंपनी तर फोनसुद्धा नीट घेत नाही.

तुमची एका झटक्यातली चाळणी असती तर आणखी मोठा घोळ झाला असता. पॅकेज ही काही सुटी गोष्ट नसते. फुलाच्या पाच लॉटचा चुरा एकत्र करून प्री-रोल, म्हणजे गांजाच्या तयार सिगारेटी, भरतात, त्याला नवा टॅग मिळतो, आणि नव्या टॅगखाली पाचही आईबाप नोंदलेले असतात. पाचातल्या एकाचा निकाल वादात असेल तर वंशावळीत खाली सगळ्यांना कुलूप? चुरा भरून झाल्यावर त्या प्री-रोलची स्वतंत्र तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये झालेली असेल तरी? की फक्त त्या एका लॉटला? याचं उत्तर तपास करणाऱ्या माणसाने द्यायचं, चाळणीने नाही. सरसकट होल्ड लावणाऱ्याचं काही जात नाही, म्हणून तो सरसकट लावतो.

मीनल_बॉस्टन

मी औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे, गांजाशी संबंध नाही. तरी एक गोष्ट खटकली: तुम्ही तिघंही होल्ड म्हणजे माल फ्रीजरमध्ये गोठवल्यासारखं बोलताय.

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात, व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याचे प्रकार देशभर गाजत असताना, राज्याच्या गांजा नियंत्रण आयोगाने व्हेपचा माल अलग ठेवायला लावला. तो महिनोन्‌महिने पडून राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये सोडवणुकीच्या अटी ठरल्या तेव्हा निराळंच समोर आलं: ठेवलेल्या काही नमुन्यांत शिसं जास्त होतं, आणि काट्रिजच्या धातूशी तेलाचा संपर्क जितका लांबेल तितकं ते वाढू शकतं. संशय होता तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा, पण थांबवून ठेवण्यानेच नवा धोका तयार झाला.

म्हणून होल्डला मुदत हवी आणि मुदत संपताना निर्णय झालाच पाहिजे: सोडा, पुन्हा तपासा किंवा नष्ट करा. ग्रँड रॅपिड्सकर, पुन्हा तपासण्यावर फार विसंबू नका. मिशिगनमध्ये जंतू-बुरशीची तपासणी पुन्हा करून घेण्याचा पर्याय दिला होता, बरोबर ना? तो निकाल आजच्या डबीबद्दल सांगतो. ऑक्टोबरात विकल्या गेलेल्या, केमो चालू असलेल्या माणसाने ओढलेल्या डबीबद्दल तो काहीच सांगत नाही. अ‍ॅस्परजिलस या बुरशीची भीती त्याच लोकांना असते. तुमचा तोटा खरा आहे, पण त्या रुग्णाचा विषय तुमच्या अख्ख्या प्रतिसादात एकदाही आला नाही.

ग्रँड_रॅपिड्सकर

मीनलताई, रुग्ण आमच्याही काउंटरवर येतात. आम्ही पाटी लावली होती, परत आणलेला मालही घेतला. पण अर्धी वापरलेली, लेबल फाटलेली डबी कुठल्या टॅगखाली धरायची? विक्रीची नोंद होऊन तो टॅग कधीच शून्यावर आलेला. मालाचं वजन चुकलं तर नियामक विचारतो, कुठून आणलंत. हा प्रश्न मी आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारला, त्यांनी तक्रारीचं तिकीट बंद केलं.

नागपूरचा_ठोकवाला

औषधांचा ठोक व्यापार करतो, म्हणून डोकावलो. आमच्याकडे कंपनीचा मेल येते, बॅच नंबर बघून खोके बाजूला काढतो, मागच्या दुकानदारांना फोन लावतो. टॅगबिग काही नाही. तुमच्याकडे गांजाला एवढा पहारा अन् आमच्या सिरपला वहीपेन, हे काय आहे बाप्पा?

लान्सिंगवाला

@नागपूरचा_ठोकवाला, केंद्राच्या कायद्यात माल बेकायदा, म्हणून परवाना देणारी बहुतेक राज्यं मालाचा बारकाईने माग ठेवतात. माल राज्याबाहेर पाझरू नये हा पहिला उद्देश. रिकॉल त्याच साधनावर नंतर बसवला, म्हणून तो सगळीकडे टोचतो.

मीनलताईंचा मुदतीचा मुद्दा घेतला. प्री-रोलच्या वंशावळीवर मात्र हटणार नाही. कुलूप खालपर्यंत लागू दे, आणि ज्याच्याकडे स्वतंत्र तपासणीचा निकाल आहे त्याने तो दाखवून दोन दिवसांत सोडवून घ्यावं. ज्याला माल विकायचा आहे त्याने धावपळ करावी. ज्याला माहीतच नाही की आपण काय ओढलं, त्याने का?

ग्रँड_रॅपिड्सकर

दोन दिवसांत? परवानगीच्या साध्या मेलला उत्तर यायला किती लागतात ते तुम्हीच सांगा. सोडवायचा अर्ज अडकला तर कुलूप आपोआप उघडणार, असं लिहून देत असतील तर मी तुमच्या बाजूने.

मीनल_बॉस्टन

आपोआप उघडणार? अजिबात नाही. औषधात असं कोणी सुचवलं तर त्याला बैठकीतून उठवतील.