फॅलेनॉप्सिसची पानं लुळी, पण कुंडी तर ओली आहे!

गच्चीबाग :
ठाण्यात पूर्वेच्या बाल्कनीत फॅलेनॉप्सिस ऑर्किड आहे. नर्सरीतल्याच पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत, आत मॉस (वाळवलेलं शेवाळ) गच्च भरलेलं, बाहेरून चिनी मातीची शोभेची कुंडी. पाऊस लागल्यापासून खालची दोन पानं लुळी पडून सुरकुतली आहेत. मॉस हाताला ओलं लागतं. फुलं गळली, दांडा अजून हिरवा आहे. पाणी वाढवू की कमी करू? दांडा कापायचा का?

सोनटक्का :
पाणी आजच थांबवा आणि झाड कुंडीतून बाहेर काढा. पानं तहानलेलीच आहेत, पण पाणी ओढायला मुळं उरलेली नसणार. वरून ओतलेलं पाणी कुजकं मूळ घेऊच शकत नाही, उलट उरलेलीही कुजवतं.

ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं जाड आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. दोन पाण्यांच्या मध्ये ते सुकावं लागतं, तरच मुळाला हवा मिळते. गच्च मॉस आणि त्यावर शोभेची कुंडी म्हणजे हवेची वाटच बंद.

मॉस पाण्यात सैल करून बोटांनी सगळं काढून टाका. बुंध्याशी मधोमध दडलेला गोळाही. मग एकेक मूळ चिमटीत दाबून पाहा. टणक लागलं तर जिवंत, रंग पिवळट असला तरी. माध्यमात, म्हणजे कुंडीतल्या भरावात, उजेड न मिळालेली मुळं तशीच दिसतात, ती कापू नका. दाबल्यावर पचकन पाणी सुटलं, साल निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर ते मेलेलं. तेवढं टणक भागापर्यंत कापा. कात्रीचं पातं ज्योतीवर तापवून घ्या आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा तापवा, कारण विषाणू कात्रीवरून पसरतात आणि नुसत्या स्पिरिटने ते खात्रीने मरत नाहीत.

कापल्यावर लगेच लावू नका. रात्रभर सावलीत उघडं ठेवा, जखमा सुकू देत.

रानजाई :
माध्यमाबद्दल. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात मॉस नकोच. लाकडी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे दोन भाग, विटेचे एक भाग, नारळाच्या सोडणाचे एक भाग. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा. पुणे-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात सोडण वाढवावं लागतं, तिथे नुसता कोळसा तासाभरात सुकतो.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या नव्हे. इथे बहुधा चार इंचीच पुरेल. बुंधा माध्यमाच्या वर राहिला पाहिजे, पुरला की तोच कुजतो. झाड डुगडुगत असेल तर काडीला बांधा, नाहीतर नव्या मुळांची कोवळी टोकं घासून मोडतात.

सह्याद्रीत आंब्याच्या खोडावर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड सबंध पावसाळा भिजते आणि कुजत नाही, कारण त्याची मुळं उघड्यावर असतात. पाऊस थांबला की वाऱ्याने सुकतात. कुंडीत आपल्याला नेमकं हेच साधायचं आहे.

दांडा कापून टाका, बुडाशी एक इंच ठेवून. झाड ठणठणीत असतं तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापून फाट्याची वाट बघता आली असती. आता मुळंच नाहीत, त्यावर फुलांचा भार नको.

गच्चीबाग :
काढलं. तीनच मुळं टणक निघाली, त्यातली दोन कुंडीबाहेर लोंबणारी. सगळ्या मुळांना दालचिनीची पूड लावली आहे. खत कधी सुरू करू?

सोनटक्का :
पूड धुऊन टाका. ती फक्त कापलेल्या टोकाला लावायची. निरोगी मुळाला लागली तर तेही सुकवते.

नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत नाही. मग 20-20-20 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने माध्यम भिजवून. कोरड्या मुळावर खत पडलं की टोक काळं पडतं. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवा. बोअरचं पाणी असेल तर पांढरी खपली लवकर धरते, शक्यतो पावसाचं साठवलेलं वापरा.

पाणी सकाळीच, मुळं रुपेरी झाल्यावर. पानांच्या गाभ्यात थेंब साचला तर टिश्यूने टिपून घ्या. रात्रभर तिथे पाणी राहिलं तर गाभा कुजू शकतो, आणि फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो.

शेवंती :
पानांवर लक्ष ठेवा. सर्वांत खालचं एकच पान हळूहळू पिवळं पडलं तर ते वयाने, आपोआप गळू द्या. पाण्याने भिजल्यासारखा, पिवळ्या कडेचा आणि रोज वाढणारा डाग मात्र जिवाणूंचा असू शकतो. निरोगी भागात एक सेंटीमीटर आत शिरून तेवढं पान कापा, पानांवर पाण्याची फवारणी काही दिवस बंद. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, आठवड्याने पुन्हा. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायीही शोधा, त्या मुळांची कोवळी टोकंच खातात.

शेजारी डेंड्रोबियम (कांड्यांचं दुसरं ऑर्किड) असेल तर त्याच्या पानं गळलेल्या जुन्या कांड्या कापू नका. त्यात पाणी आणि अन्नाचा साठा असतो, कधी कधी त्यांवरच पुन्हा फुलं येतात. सुकून पोकळ झालेल्याच काढा.

रानजाई :
फुलांची घाई नको. फॅलेनॉप्सिसला दांडा धरायला काही आठवडे 25 अंशांच्या आसपास किंवा त्याखालची हवा लागते. ठाण्यात ती हिवाळ्याच्या रात्रींत मिळते, तेव्हा झाड घरात न घेता बाल्कनीतच ठेवा. तोवर दोन नवी पानं आली नसतील, तर यंदा आलेला दांडाही खुडून टाका.