मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मेलाटोनिन का देऊ नये?

दांडियाबाजारकर
बडोद्याच्या कमाटीबागेतल्या आमच्या सकाळच्या मंडळात सध्या गुडघे, खुबे आणि हर्निया सोडून विषय नाही. दोघांच्या तारखाही ठरल्यात. म्हणून स्पष्टच लिहितो: साठीपुढच्या माणसाचं मोठं ऑपरेशन असेल तर आदल्या रात्रीपासून काही रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाची गोळी, द्यावी. झोपेसाठी नव्हे, हृदयासाठी.

ऑपरेशन होतं पोटाचं आणि मार बसतो हृदयाला, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिजन अभ्यासात ४५ वर्षांवरचे २१,८४२ रुग्ण होते, सगळी ऑपरेशनं हृदय सोडून इतर. सुमारे १८ टक्क्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं रक्तातल्या ट्रोपोनिनवरून (हृदयाच्या स्नायूला मार बसला की रक्तात वाढणारं प्रथिन) दिसलं. त्यांतल्या ९३ टक्क्यांना हृदयाचं म्हणावं असं एकही लक्षण नव्हतं. वेदनाशामकं चालू असताना छातीत दुखलेलं कळणार तरी कसं?

रात्री शरीर स्वतः मेलाटोनिन तयार करतं, ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री घटतं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही बीपी-हृदयाची बीटा-ब्लॉकर औषधं घेणाऱ्यांचं आधीच कमी असतं. अडलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू होताना हृदयाला जी इजा होते ती मेलाटोनिनमुळे कमी होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. इराकमध्ये बायपासच्या ४५ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांना आधीचे पाच दिवस १० किंवा २० मिलिग्रॅम दिलं, त्यांचं ट्रोपोनिन कमी चढलं. गोळी स्वस्त, सवय लागत नाही. मग अडतं कुठे?

भूलवाली ताई
काका, "स्वस्त आणि निरुपद्रवी" इथेच अडतं. ऑपरेशनच्या वेळी हृदय सांभाळायला द्यायच्या बीटा-ब्लॉकरबद्दल हेच आम्ही ऐकलं होतं आणि मानलंही होतं. मग २००८ साली पॉइज चाचणी आली, ८,३५१ रुग्णांची. मेटोप्रोलॉलने हार्ट अटॅक ५.७ टक्क्यांवरून ४.२ वर आले. पण मृत्यू २.३ वरून ३.१ टक्क्यांवर गेले आणि पक्षाघात दुप्पट झाले. ४५ रुग्णांत हे दिसलं असतं का? ट्रोपोनिनचा आकडा उतरला आणि माणूस वाचला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हृदयावर थेट प्रयोगही झालाय. स्पेनच्या मारिया चाचणीत हार्ट अटॅकच्या १४६ रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या वेळी मेलाटोनिन शिरेतून आणि थेट हृदयाच्या धमनीत दिलं. खराब झालेला भाग काही लहान झाला नाही.

दांडियाबाजारकर
ताई, मारियाचं पुढचंही सांगा ना! त्याच आकड्यांची नंतर वेळेनुसार फोड केली, तेव्हा लवकर पोचलेल्यांना फायदा दिसला. अटॅक सांगून येत नाही, म्हणून औषध उशिरा पोचतं. ऑपरेशनची तारीख, वेळ, सगळं आधी ठरलेलं असतं. म्हणूनच आदल्या रात्री म्हणतोय.

रावपुरा मेडिकल
काउंटरच्या अलीकडून सांगतो. हल्ली लोक मेलाटोनिनच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, चॉकलेटसारख्या मागतात. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तर लेबलपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तीपर्यंत माल निघाला. आठांत तर सेरोटोनिन हे वेगळंच रसायन सापडलं. आपल्या बाटल्यांची खात्री मी तरी देणार नाही. शिवाय रक्त पातळ करणारं वॉरफरिन, नैराश्यावरचं फ्लुवोक्सामिन किंवा बीपीचं निफेडिपिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. निफेडिपिनवाल्यांचं बीपी याने वाढलेलं आहे.

शंकेखोर
विषय संपलाच की! नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत आलंय, वर्षभर मेलाटोनिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जवळजवळ दुप्पट. विष आहे ते.

भूलवाली ताई
शंकेखोर, माझ्या बाजूने बोलताय, पण हे चालणार नाही. ती निद्रानाशाच्या रुग्णांच्या नोंदींची पाहणी आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. ज्याला वर्षभर गोळी लागते त्याची झोप मुळात जास्त बिघडलेली असू शकते, आणि कदाचित हृदयही. चार रात्रींच्या गोळीशी त्याचा संबंध जोडू नका.

काका, तुमचा वेळेचा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे. पण चाचणी फसल्यावर आकडे उलटेपालटे करून जे हाती लागतं, त्यावरून फार तर पुढची चाचणी आखायची, वॉर्डात औषध सुरू करायचं नाही. दुसरं म्हणजे ऑपरेशननंतरची इजा दरवेळी नळी बंद होऊन उघडल्याने होत नाही. बीपी पडतं, नाडी धावते, रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं, ऑक्सिजन कमी पडतो. त्यात मेलाटोनिन काय करणार? आणि तोंडाने घेतलेल्यातलं साधारण १५ टक्केच रक्तात पोचतं. धमनीत सोडलेल्या डोसचा हिशेब तुमच्या गोळीला लावता येत नाही.

मंडळातल्या त्या दोघांनी मागायचंच असेल तर ट्रोपोनिन मागावं: ऑपरेशनच्या आधी एकदा, मग २४ आणि ४८ तासांनी. जोखमीच्या रुग्णांसाठी युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे.

कारेलीबागची सून
ताई, झोपेचं काय पण? सासूबाईंच्या वॉर्डात रात्रभर ट्यूबलाइट, दोन वाजता बीपी, चारला सलाइन. सकाळी त्या मलाच ओळखेनात.

भूलवाली ताई
आधी लाइट बंद करायला लावा, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा, दिवसा बसवा. ऑपरेशनआधीच्या धास्तीसाठी मेलाटोनिनचा उपयोग होतो, त्याला पुरावा चांगला आहे. तेवढ्यासाठी डॉक्टर देत असतील तर माझं भांडण नाही.

दांडियाबाजारकर
ट्रोपोनिनचं पटलं, आजच सांगतो दोघांना. पण मेलाटोनिनवर मी ठाम आहे. हजारो रुग्णांची चाचणी होत नाही, कारण पेटंट नाही, कुणाला पैसा सुटणार नाही. पुरावा नाही म्हणता, तो गोळा कुणी करायचा?

भूलवाली ताई
ॲस्पिरिनलाही पेटंट नव्हतं, काका. तरी ऑपरेशनच्या १०,०१० रुग्णांवर चाचणी झालीच, २०१४ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक घटले नाहीत, रक्तस्राव तेवढा वाढला.