मदत हवी आहे : लेबर रूमच्या सिस्टरला एसीएलएस लागतंच का?

नमस्कार. परभणीत खासगी हॉस्पिटलच्या लेबर रूमला स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) तयारी चालू आहे, म्हणून मेट्रन मॅडमनी सगळ्यांना दोन महिन्यांत एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर रिदम वाचून, औषधं-शॉक देऊन करायच्या प्रगत उपचारांचा कोर्स) करायला सांगितलंय. खर्च आपापला.

माझं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (सीपीआरचा प्राथमिक कोर्स) कार्ड आहे, दोन वर्षांची मुदत मार्चमध्ये संपते. एनआरपीही (नवजात बाळाला श्वास देण्याचा कोर्स) झालंय. बाळ रडलं नाही तर अंबू बॅग घ्यायला हात कचरत नाही. पण मागच्या महिन्यात झटके येऊन एक गरोदर बाई निपचित पडली. सीपीआर देताना पोट डावीकडे सरकवून धरायचं आठवलं, मॉनिटरवरचा हृदयाचा रिदम मात्र वाचता येईना. बाई वाचली. तेव्हापासून मलाही हे शिकायचंच आहे.

इन्चार्ज सिस्टर म्हणतात, आपल्याला बीएलएस आणि एनआरपी पुरे, एसीएलएस आयसीयूवाल्यांना. नुसतं ऑनलाइन सर्टिफिकेट नको, हातानं सराव हवा. सुट्टी सलग दोनच दिवस मिळते, त्यामुळे संभाजीनगर, नांदेड, लातूर चालेल, पुणे जमणार नाही.

ज्यांच्या लेबर रूमची एनएबीएच तपासणी झालीय त्यांनी सांगा : असेसरनं प्रत्येक सिस्टरचं एसीएलएस मागितलं, की शिफ्टला एकीचं असलेलं चाललं? आणि बीएलएस आधी रिन्यू करू की दोन्ही एकदमच होतं?